चूलबंद आक्का

आक्का माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. दारात येऊन उभी राहिली की तिची नजर थेट चुलीकडे जाई. चूल पेटलेली आहे की विझलेली, तव्यावर भाकरी आहे की नुसतंच आधण, राख आजची की कालची, एवढं बघून झालं की ती चौकटीवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायची आणि निरोप सांगायची. "सोमवारी महादेवाचा भंडारा हाय. चूलबंद या." उत्तरासाठी ती थांबत नसे. कुणी बसा म्हटलं, कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तरी उंबऱ्याच्या आत तिचा पाय पडत नसे. पाठ फिरवायची आणि पुढच्या दाराला जायची.

गावात आवतण देण्याचा मान तिच्याकडे होता. नवरा देवळाचा गुरव होता, तो गेल्यावर पूजा पुतण्याकडे गेली आणि आवतणं हिच्याकडे राहिली. आमच्या भागात वाढलेल्यांना चूलबंद म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. चूलबंद आवतण म्हणजे घरातली लहानथोर सगळी माणसं जेवायला, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. घरटी एक म्हणजे एकानंच यायचं. गावाच्या लेखी घर म्हणजे भिंती नव्हेत, घर म्हणजे चूल. आणि चूल कुठली खरी, कुठली खोटी, हे आक्का ठरवायची. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणत असे. मनात कधी म्हटलं नाही, म्हणून इथेही म्हणणार नाही.

तिला अक्षरओळख नव्हती. गावात एकशे अठरा चुली, आणि त्या सगळ्या तिच्या डोक्यात ओळीनं मांडलेल्या. कुणाकडे सुतक आहे, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुणाचा मुलगा सासुरवाडीला जाऊन राहिला, कुणाला आधी सांगितलं नाही तर तो पंगतीतून उठून जातो, सगळं तिला पाठ. आचारी पीठ भिजवण्याआधी तिला विचारायचा आणि ती सांगेल तेवढंच भिजवायचा. आज माझी लातूरला मेस आहे. शिकवणीची सत्तर मुलं जेवतात. भिंतीवर यादी, दाराला यादी, माझ्या पदराला पेन, तरी आठवड्यातून एखादं ताट कमी पडतंच. आक्काचं ताट कमी पडल्याचं मी ऐकलं नाही. एकदा कुणीतरी तिला वहीत लिहून ठेवा म्हणालं, तर म्हणाली, "कागद भिजतोय. माझं डोस्कं न्हाई भिजत."

तिच्या हुशारीबद्दल मला तक्रार नाही. तक्रार तिच्या जिभेबद्दल आहे. नव्या सुनेची भाकरी करपली तर ती त्या दारात काही बोलायची नाही. पुढच्या दाराला जाऊन, पहिल्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, शेजारीण करपलीय, वास आला का. ज्या घरानं तिला दुखावलं, त्या घराला आवतण चुकवायची नाही, पण सांगायला जायची ती पहिली पंगत उठता उठता. मग ते घर धावतपळत यायचं आणि गार भात खायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय दुखायलेत बाई, सगळ्यांकडं एकदम कसं पोचू. तिचे पाय दुखत नव्हते. माझ्यापेक्षा भराभर चालायची.

मी त्या गावात लग्न होऊन आले तेव्हा दहावी झालेली होते आणि लातूरची होते. दोन्ही गोष्टी तिला आवडल्या नाहीत. मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. लातूरकरीण म्हणायची, आणि ते असं म्हणायची की लातूर म्हणजे काहीतरी अंगावर उठलेलं असावं. आमचं घर थोरल्या दिरांचं, काशिनाथ त्यांचं नाव. थोरल्या जाऊबाई, त्यांची चार मुलं आणि आम्ही दोघं. मला कामं लिहून ठेवायची सवय. दळण कुणी करायचं, शेण कुणी काढायचं, याचा वारांप्रमाणे कागद करून मी स्वयंपाकघरात चिकटवला. जाऊबाईंनी तिसऱ्या दिवशी तोच कागद चूल पेटवायला घेतला. त्यावरून जे भांडण लागलं ते वर्षभर चाललं आणि शेवटी ओसरीत भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे मी माझ्या हातानं माती कालवून चूल घातली. दोन दिवस वाळू दिली, सारवली, हळदकुंकू वाहिलं आणि पेटवली. त्या दिवशीच्या भाकरीइतकी चांगली भाकरी मी पुढे कधी केली नाही.

पुढच्या आठवड्यात कुणाचंतरी बारसं होतं. आक्का गल्लीत शिरली. जाऊबाईंच्या चौकटीवर तीनदा ठोकलं, चूलबंद म्हणाली आणि माझ्या दारावरून पुढे निघाली. मी चौकटीला धरून उभी होते.

"आक्का, आमचं?"

ती थांबली, पण वळली नाही. "दिलं की. काशिनाथच्या दाराला दिलं."

"आमची चूल वेगळी आहे आता."

"मला न्हाई दिसली."

"ही काय, पेटलेली आहे."

"नवी चूल गावाला एकदा जेवू घालती, लातूरकरणी. मग ती दिसती." एवढं बोलून ती गेली.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तशी रीत होती. वेगळं झालेल्या घरानं एकदा गावाला साधं वरणभाताचं जेवण द्यायचं, मग गाव त्या घराला घर म्हणायचं. पण त्याच साली पाऊस गेला, आणि पुढच्या सालीही गेला. स्वतःपुरतं दळण मिळेना तिथे गावजेवण कुठलं. आणखी दोन जोडपी त्या काळात वेगळी झाली होती. त्यांनाही तिनं मोजलं नाही, पण त्यांच्या दारावरून जाताना दोन शब्द तरी बोलायची. माझ्या दारावरून जाताना ती मान पलीकडे वळवायची. सुरुवातीला जी काही थोडी आवतणं झाली, त्यांना आमचे हे भावाच्या घरातले म्हणून जाऊन जेवून यायचे. मी जात नसे. चूलबंदाच्या दिवशी सगळ्या गल्लीत माझ्या एकटीच्या घरातून धूर निघायचा. येणारेजाणारे बघायचे. मी मुद्दाम ओलं जळण घालायची.

याच दिवसांत लातूर जिल्हा झाला. माझे वडील पेढे घेऊन आले, म्हणाले, आता उस्मानाबादच्या खेपा संपल्या. लातुरात गुलाल उधळला होता. आमच्या गावात आडाला चिखल लागला होता आणि बायका वाटीनं पाणी भरत होत्या. देवळासमोर पुरुषांची जिल्ह्यावर चर्चा चालायची, कचेरी कुठे होणार, कलेक्टर कुठे बसणार. आक्का बाजूला बेलाची पानं निवडत होती. ती म्हणाली, "जिल्हा जवळ आला आन् पानी लांब गेलं." कुणी हसलं नाही.

मग आवतणं थांबलीच. लग्नं गावाबाहेर व्हायला लागली, भंडारा बंद झाला. आक्काला काही काम उरलं नाही. तरी दर सोमवारी ती सगळ्या गावातून एकदा फिरायची. निरोप नाही, काही नाही, नुसतं प्रत्येक दारासमोर थांबायचं, चुलीकडे बघायचं, पुढे जायचं. जाऊबाई म्हणायच्या, ज्या घरची चूल गार असते तिथे ती जास्त वेळ उभी राहते, आणि मग संध्याकाळपर्यंत कुठूनतरी त्या घरात भाकरीचं पीठ येतं. मी म्हणायची, चौकशा करायची खोड आहे म्हातारीला. माझ्या दारासमोर ती थांबत नव्हती, त्यामुळे माझी चूल गार असली तरी ते तिला कळायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाला. पहिल्या चार दिवसांत दोन डोकी फुटली आणि घागरी किती फुटल्या ते कुणी मोजलं नाही. तलाठी आला आणि म्हणाला, यादी करा. चुलीला चार घागरी, नाव पुकारलं की यायचं. मतदारयादी काढली तर त्यात गेलेली माणसं जास्त. घरपट्टीच्या वहीत एकेका घरात तीन तीन चुली. शेवटी सरपंच म्हणाले, हे सगळं कशाला, आक्काला विचारा. आणि लिहायला मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

देवळाच्या पारावर सकाळी आम्ही बसलो. तलाठी, सरपंच, आक्का आणि मी. आक्कानं डोळे मिटले आणि नावं सांगायला सुरुवात केली. तिचे पाय जमिनीवर हलत होते. वळण आलं की ती अंग थोडं वळवायची, चढ आला की दम घ्यायची. ती नावं आठवत नव्हती, ती गावातून चालत होती. मी लिहीत होते. आमची गल्ली आली. "काशिनाथ," ती म्हणाली आणि तिचा पाय पुढच्या घरापुढे गेला. माझं पेन थांबलं. मग मी काशिनाथच्या खाली त्रेचाळीस आकडा घालून यांचं नाव लिहिलं, विश्वनाथ, आणि पुढचं नाव चव्वेचाळिसाव्या ओळीला घेतलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आक्काला वाचता येत नव्हतं.

सगळं गाव फिरून झाल्यावर तिनं डोळे उघडले. "एकशे अठरा झाल्या न्हवं?"

माझ्या हिशेबानं एकशे एकोणीस व्हायला हव्या होत्या. मी खालचा आकडा बघितला. एकशे अठराच होता. मी बोट फिरवत वरून खाली आले, पुन्हा वर गेले. मग कळलं. आक्काचं घर देवळाला लागून होतं. आवतणाची फेरी ती स्वतःच्या दारातून सुरू करायची आणि पहिलं आवतण शेजारच्या दाराला द्यायची. स्वतःच्या चौकटीवर तिनं आयुष्यात कधी ठोकलं नव्हतं. आकड्यात ती स्वतःला धरत होती, फेरीत नाही. एक चूल सुटली होती आणि एक मी घातली होती, त्यामुळे बेरीज बरोबर आली होती.

हे कळायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते सांगताही आलं असतं. तलाठी समोर होता, कागद माझ्या हातात होता, पेन उघडं होतं. मी म्हणाले, "हो, एकशे अठरा." आक्कानं मान हलवली. कागदावरचा आकडा तिच्या डोक्यातल्या आकड्याशी जुळला, म्हणजे कागद खरा. तलाठ्यानं यादी घडी करून पिशवीत घातली.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. शिपाई नावं पुकारत होता. काशिनाथचं नाव झालं, मग विश्वनाथ म्हणाला, आणि मी घागरी घेऊन पुढे गेले. आक्का माझ्यापासून दहा हातांवर होती. तिनं मान वळवली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी नळीखाली घागर धरली. शेवटचं नाव होईपर्यंत ती उन्हात उभी होती, दोन्ही बाजूंना दोन दोन घागरी ठेवून. नावं संपली. शिपायानं कागद उलटून बघितला.

"आक्का, तुमचं नाव न्हाई की."

मी घागर डोक्यावर घेतली होती, ती तशीच राहिली.

"मी न्हाई सांगितलं," आक्का म्हणाली.

सरपंचांच्या बायकोनं आपली एक घागर तिच्यापुढे सरकवली. तिनं ज्याचं त्यानं न्यावं म्हणून ती परत केली, दोन घागरी घरात टाकल्या आणि दोन घेऊन ओढ्याकडे निघाली. ओढ्यात वाळू उकरून केलेला एक झरा होता, अर्ध्या तासाच्या चालीवर. तासाला एक घागर भरायची.

तिनं मला उघडं पाडलं नाही. यात मोठं मन वगैरे काही नव्हतं, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. मला उघडं पाडायचं तर स्वतःचं डोकं चुकलं हे तिला गावासमोर कबूल करावं लागलं असतं. तिला तहान चालली असती, ते चाललं नसतं. हे मी अजूनही निम्मं खरं मानते.

चौथ्या दिवशी मी एक घागर घेऊन तिच्या दाराशी गेले. त्या दारात मी याआधी कधी गेले नव्हते. ती आत बसून वाकळेला टाके घालत होती. चूल विझलेली होती, तिच्यावर रिकामं पातेलं.

"आक्का, पाणी आणलंय."

"कुनाच्या नावाचं?"

"आमच्या."

"मग तुमच्या चुलीला लागंल. ने."

मी घागर खाली ठेवली नाही. म्हणाले, "तुम्हीच सांगायला विसरलात."

तिनं सुई वाकळेत टोचून ठेवली. "व्हय. मी इसरले. तू न्हाई इसरलीस."

मी घागर परत आणली. वाटेत निम्मं पाणी अंगावर सांडलं.

एकोणीस दिवस ती ओढ्यावर जात होती. विसाव्या दिवशी वाळूत पाय मुरगळून पडली, गुडघा सुजला. एकविसाव्या दिवशी काठी घेऊन पुन्हा निघाली. शेजारणी पाणी द्यायला जायच्या आणि शिव्या खाऊन परत यायच्या. मला शिव्याही मिळत नव्हत्या. माझ्या दारावरून ती काठी आपटत जायची. आधी तिचं येणंजाणं मला ऐकू येत नसे, आता प्रत्येक वेळी यायचं. खरं सांगायचं तर मला तिची कीव आली नाही. मला राग आला. एक म्हातारी रोज माझ्या दारावरून लंगडत जाऊन मला काहीतरी दाखवते आहे आणि मला त्याला उत्तर देता येत नाही, याचा राग आला. तो राग घेऊनच मी निलंग्याला गेले. तेव्हा आमचा तालुका निलंगा होता.

जाण्याआधी तिचं नाव हवं होतं. जाऊबाईंना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. शेजारी दोघींना विचारलं, त्या म्हणाल्या आक्काच. शेवटी मतदारयादीत तिच्या नवऱ्याच्या नावाखाली सापडलं, गिरिजाबाई. मी अर्ज लिहिला. त्यात तीन कारणं घातली, एकही खरं नव्हतं.

कचेरीतला कारकून चांगला माणूस होता. अर्ज वाचून म्हणाला, बाई, ही यादी टँकरच्या मापावर मंजूर झालीय. नाव वाढवायचं तर नवी मंजुरी. जिल्हा आत्ताच झालाय, कागद जाऊन यायला महिना तरी लागेल. बदल करायचा असेल तर मात्र आत्ता करून देतो, कुणी गाव सोडून गेलं असेल तर. त्यानं पेन उचललं. "कुणाचं काढू?"

मी सगळ्या तयारीनं गेले होते, या प्रश्नाची तयारी नव्हती. पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून त्यानं त्यावर दौत ठेवली होती. मी म्हणाले, त्रेचाळीस.

"गाव सोडलं का यांनी?"

"ही चूल गावात नाही," मी म्हणाले. त्यानं यांचं नाव खोडलं आणि वर गिरिजाबाई लिहिलं.

घरी जे व्हायचं ते झालं. मला न विचारता माझं नाव खोडून आलीस, असं हे म्हणाले आणि मग आठ दिवस काहीच म्हणाले नाहीत. जाऊबाईंनी दारात येऊन विचारलं, आता पाणी कुणाचं पिणार? आवाजात आनंद होता, पण घागरही त्यांच्याच हातात होती. मी माझी चूल विझवली आणि भिंतीच्या पलीकडे जाऊन त्यांच्या चुलीवर भाकरी थापायला बसले. चार घागरींत आठ माणसं.

पुढच्या टँकरला गिरिजाबाई असं नाव पुकारलं, तेव्हा कुणालाच कळेना कोण ते. आक्का काठी टेकत पुढे आली. त्रेचाळीसच्या जागी आपण आलो, हे तिला तिथेच समजलं असणार, कारण काशिनाथच्या नंतर कुठलं नाव तिनं सांगितलं होतं हे ती विसरणं शक्य नव्हतं. ती पाणी घेऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. दोन दिवसांनी सोमवारच्या फेरीत मात्र ती आमच्या ओसरीसमोर थांबली, दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या चुलीकडे बघितलं. गार राख होती.

"विझवलीस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या साली पिकं आली. भंडारा सुरू झाला. आक्कानं जाऊबाईंच्या दाराला आवतण दिलं, आणि आता तिचं काही चुकतही नव्हतं. आमची चूल खरोखरच नव्हती. मी त्या एका शब्दावर, त्या ‘बरं’वर, वर्षभर जळत राहिले. शेवटी यांना लातूरला डाळमिलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडलं. भुसार बाजाराच्या मागे एक खोली, रॉकेलचा स्टोव्ह, दोन पातेली. निघताना सगळ्या गल्लीला भेटले. देवळाकडे गेले नाही.

दोनेक वर्षांनी एका शनिवारी सकाळी मी कणीक मळत होते. चौकटीवर तीनदा आवाज झाला. वर बघितलं तर आक्का. अंगावर एसटीची धूळ, हातात काठी, पायात चप्पल नाही. पत्ता तिनं जाऊबाईंकडून घेतला होता आणि स्टँडपासून विचारत विचारत चालत आली होती. आयुष्यात ती पहिल्यांदा लातूरला आली होती, हे मला नंतर कळलं.

मी म्हणाले, "आत या." ती उंबऱ्याबाहेरच राहिली. तिनं खोलीत नजर फिरवली, चूल शोधली, सापडली नाही, मग तिची नजर स्टोव्हवर थांबली. तिथे ती बराच वेळ बघत होती. हे चुलीत धरायचं की नाही, याचा विचार तिच्या तोंडावर दिसत होता. मग ती म्हणाली, "परवा सोमवारी महादेवाचा भंडारा हाय. चूलबंद या."

माझे हात कणकेत होते. ती नेहमीसारखी वळली आणि जिना उतरून गेली. खिडकीतून मला ती कोपऱ्यावर दिसली, एका ऑटोवाल्याला स्टँड कुठे ते विचारत होती. मी हात धुऊन तिला सोडायला जाऊ शकले असते. गेले नाही.

सोमवारी यांनी विचारलं, जायचं का. मी म्हणाले, नाही. तुम्ही एकटे जा असं मी म्हणाले, तर हे म्हणाले, चूलबंदाला एकट्यानं कसं जायचं. तेव्हा माझ्याकडे न जाण्याची चार कारणं होती आणि मी ती यांना क्रमानं सांगितली. आज त्यांतलं एकच आठवतं. ते असं, की जेव्हा हवं होतं तेव्हा दिलं नाही. अकराच्या सुमारास मी स्टोव्हला पंप मारला आणि मुगाची खिचडी टाकली.

त्यानंतर वर्षाच्या आत आक्का गेली. मला पत्र उशिरा मिळालं. मातीला मी पोचले नाही, दिवसांनाही गेले नाही.

मग एकदा जाऊबाई डोळ्यांच्या ऑपरेशनला लातूरला आल्या आणि आमच्याकडे आठ दिवस राहिल्या. वयानं आमच्यातलं भांडण मऊ झालं होतं. त्या लसूण सोलत होत्या आणि मी भाजी चिरत होते. बोलता बोलता त्या भंडाऱ्याचा विषय निघाला. जाऊबाई म्हणाल्या, त्या दिवशी म्हातारीनं कहर केला. पानं मांडली, गाव बसलं, वाढपी भाताची घमेली घेऊन उभे, आणि आक्का वाढू देईना. ऊन डोक्यावर आलं, पोरं रडायला लागली, सरपंच चिडले. कशासाठी थांबायचं म्हटलं तर म्हणाली, एकशे एकोनीस हायेत, एक यायचीय. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं गेलं, गावात एकशे एकोणीस चुली कुठल्या. तरी तिचं एकच, लातूरची दुपारची गाडी येऊ द्या. आचाऱ्यानं पीठसुद्धा तिच्या सांगण्यावरून एका घराचं जास्त भिजवलं होतं.

"मग?" मी विचारलं.

मग गाडी आली. देवळाच्या पारावरून फाटा दिसतो. दोन माणसं उतरली, ती पुढच्या गावची होती. गाडी गेली, धूळ खाली बसली. आक्का काठीवर हात ठेवून बघत राहिली.

मी म्हणाले, "मला शिव्या दिल्या असतील."

"न्हाई," जाऊबाई म्हणाल्या. "वळली आन् वाढप्यांना म्हनली, त्यांची चूल पेटली आसंल. वाढा."